मुखवट्याआडचे कषाय

दुकानाच्या गल्ल्याशेजारी बसून ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधील वेताळाच्या गोष्टी वाचणारी पिढी आज आजोबांच्या वयाची झाली आहे. १९६४ पासून निघू लागलेल्या त्या पातळ रंगीत अंकांनी आणि १९६७ मध्ये अनंत पै यांनी आरंभिलेल्या ‘अमर चित्र कथे’ने अनेक व्यापारी घरांतील मुलांना चित्रांतून गोष्ट वाचण्याची गोडी लावली. त्याच घरात आज नातू चारशेहून अधिक पानांचे इंग्रजी चित्रपुस्तक घेऊन बसला, तर मात्र भुवया उंचावतात. एवढे पैसे मोजून मुखवटे घातलेल्या माणसांच्या मारामाऱ्या वाचायच्या कशाला, असा प्रश्न येतो. आणि परीक्षेचे दिवस असतील तर प्रश्न विचारण्याचीही तसदी न घेता पुस्तक कपाटात जाते.

हा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. अतिमानवी नायकांच्या बहुतेक कथांचा साचा एकच असतो. दुष्ट माणूस शहरावर संकट आणतो, वीर धावून येतो, ज्याची मूठ बळकट त्याचा विजय होतो आणि पुढच्या अंकात तोच वीर तितक्याच प्रसन्न चेहऱ्याने पुन्हा इमारतींवरून उड्या मारू लागतो. मारणाऱ्याच्या मनावर मारण्याचा साधा ओरखडाही उमटत नाही. अशा कथांतील खरे असत्य हे आहे; माणूस उडतो हे असत्य त्यामानाने निरुपद्रवी म्हणावे लागेल. हिंसेचे माप बाहेरच्या घावावरून घेऊन भागत नाही, हे जैन घरातील मुलाला वेगळे सांगावे लागू नये. ‘तत्त्वार्थसूत्रा’तील हिंसेच्या व्याख्येत प्राणघाताच्या आधी प्रमत्त योगाचा, म्हणजे मन-वचन-कायेच्या बेसावध, कषाययुक्त प्रवृत्तीचा उल्लेख आहे. घाव दुसऱ्यावर पडण्यापूर्वी तो करणाऱ्याच्या आत पडलेला असतो.

‘वॉचमेन’ ही चित्रकादंबरी वाचावी ती या एका कारणासाठी. चांगल्या हेतूने मूठ उगारणाऱ्या माणसाच्या आत काय होते, हा प्रश्न ती विचारते आणि बारा प्रकरणे त्या प्रश्नाचा पिच्छा सोडत नाही.

इंग्लंडमधील लेखक अ‍ॅलन मूर आणि चित्रकार डेव्ह गिबन्स यांनी ती रचली. रंग जॉन हिगिन्स यांनी भरले. अमेरिकेतील डीसी कॉमिक्स या प्रकाशनाने १९८६ आणि १९८७ या दोन वर्षांत ती बारा अंकांत प्रसिद्ध केली व त्यानंतर एका ग्रंथात एकत्र आणली. जुव्हेनल या रोमन कवीने राखणदारांविषयी विचारलेल्या एका प्रश्नावरून तिचे नाव आले आहे. १९८८ मध्ये तिला विज्ञानकथेच्या क्षेत्रातील ह्यूगो पुरस्कार मिळाला आणि ‘टाइम’ साप्ताहिकाने २००५ मध्ये १९२३ पासूनच्या शंभर उत्तम इंग्रजी कादंबऱ्यांची यादी केली, तेव्हा त्या यादीत जागा मिळालेली ही एकमेव चित्रकादंबरी होती. मानसन्मानांचा एवढा उल्लेख पुरे.

कथा घडते १९८५ च्या न्यूयॉर्कमध्ये, पण ते वास्तवातील अमेरिकेहून थोडे निराळे आहे. तेथे निक्सन अजूनही राष्ट्राध्यक्ष आहेत, व्हिएतनामचे युद्ध अमेरिकेने जिंकले आहे आणि सोव्हिएत संघाशी अणुयुद्ध होण्याची घटका जवळ आली आहे. मुखवटे घालून गुन्हेगारांना चोप देणाऱ्या स्वयंनियुक्त रक्षकांवर १९७७ च्या कायद्याने बंदी घातलेली आहे. काही जण निवृत्त झाले, दोघे सरकारी चाकरीत शिरले, एक बंदी झुगारून रात्री भटकत राहिला. या जुन्या मंडळींपैकी ‘कॉमेडियन’ या नावाने वावरणाऱ्या एकाचा खून होतो, तेथून कथेला आरंभ होतो. प्रकरणामागून प्रकरणे संपतात तसा पानावरच्या घड्याळाचा काटा बाराकडे सरकतो. हे घड्याळ मूर यांनी हवेतून काढलेले नाही. अमेरिकेतील अणुशास्त्रज्ञांच्या पत्रिकेने १९४७ पासून असेच एक प्रतीकात्मक घड्याळ चालवले आहे आणि १९८४ मध्ये त्याचा काटा मध्यरात्रीच्या तीन मिनिटे अलीकडे आणून ठेवला होता. ज्या वाचकांनी हे अंक प्रथम विकत घेतले, त्यांच्यासाठी ती भीती रोजच्या वर्तमानपत्रातील होती.

बंदी न जुमानणारा तो माणूस म्हणजे रोर्शाक. स्विस मनोविकारतज्ज्ञ हरमान रोर्शाक यांनी १९२१ मध्ये शाईच्या डागांची जी चाचणी मांडली, तिच्यावरून त्याने हे नाव घेतले आहे. त्याचे खरे नाव वॉल्टर कोवाक्स. बालपण मारहाणीत आणि अवहेलनेत गेलेले; सोळाव्या वर्षी तयार कपड्यांच्या कारखान्यात नोकरी. तेथे एका ग्राहक स्त्रीने नाकारलेल्या पोशाखाचे कापड त्याच्या हाती येते. त्या कापडाच्या दोन थरांमध्ये काळा द्रव फिरत राहतो. काळे आणि पांढरे सतत आकार बदलतात, पण एकमेकांत मिसळून कधी करडे होत नाहीत. त्याचाच तो मुखवटा करतो. पुढे त्याचा सारा स्वभाव या कापडासारखाच निघतो. पापी आणि निर्दोष एवढ्या दोनच रकाने असलेल्या वहीत तो सगळ्या जगाची नोंद करतो.

सहावे प्रकरण संपूर्णपणे त्याच्या आणि तुरुंगातील मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर माल्कम लाँग यांच्या भेटींचे आहे. पुस्तकातील मानसशास्त्रीय खोलीचा ठाव घ्यायचा असेल, तर एवढे एक प्रकरण पुरेसे व्हावे. डॉक्टर शाईचे डाग दाखवतात. कोवाक्स फुलपाखरू, फुले अशी सभ्य उत्तरे देतो. डॉक्टर खूश होतात, घरी जाऊन टिपणे लिहितात, या रुग्णामुळे आपले नाव होईल असेही त्यांना वाटते. मग हळूहळू खरी उत्तरे बाहेर येऊ लागतात. पळवून नेलेल्या एका लहान मुलीच्या शोधात तो १९७५ मध्ये निघाला होता आणि पोहोचेपर्यंत फार उशीर झाला होता. त्या रात्री त्याने अपराध्याला पोलिसांच्या हवाली केले नाही. त्या रात्रीनंतर कोवाक्स उरला नाही, केवळ रोर्शाक राहिला, असे तो स्वतःच सांगतो. क्रोधाच्या तीव्रतेचे चार प्रकार समजावताना जैन शास्त्रांनी पाण्यावरील, वाळूतील, जमिनीवरील आणि दगडावरील रेषेचा दृष्टान्त दिला आहे. रोर्शाकचा क्रोध दगडावरील रेषेचा आहे, आणि तो क्रोध स्वतःला न्याय म्हणवतो, हे अधिक भयंकर. मात्र प्रकरणाचा खरा विषय रुग्ण नसून डॉक्टर आहेत. ऐकता ऐकता त्यांची झोप उडते, पत्नीशी अबोला होतो, घरी आलेल्या पाहुण्यांसमोर नको ते बोलले जाते. दुसऱ्याचा क्रोध नुसता ऐकल्यानेही मनाला डाग पडतो, हे मूर-गिबन्स यांनी ज्या संथपणे दाखवले आहे, तसे गद्य कादंबऱ्यांतही क्वचितच आढळते.

डॅन ड्रायबर्ग हा दुसरा राखणदार, व्यापारी घरांना ओळखीचा वाटेल असा. वडील बँकव्यवसायातले, मागे भरपूर पैसा ठेवून गेलेले; मुलाने त्या पैशांतून घुबडाच्या आकाराचे विमान आणि पोशाखांची खोली उभारली. आता तो पन्नाशीकडे झुकलेला, स्थूल, भिडस्त गृहस्थ आहे आणि तळघरातील त्या वस्तूंवर धूळ साचली आहे. पोशाख अंगावर नसला की त्याला स्वतःची किंमत वाटत नाही. पोशाख चढवला की तोच माणूस ताठ उभा राहतो. त्याच्याविषयी याहून अधिक लिहिण्याची गरज नाही. तो स्वभावाने चांगला आहे आणि चांगुलपणाला लागणारा कणा त्याला कपड्यांतून मिळवावा लागतो.

डॉक्टर मॅनहॅटन या पात्रापाशी मात्र थांबावे लागते. जॉन ऑस्टरमन हा घड्याळजीचा मुलगा. ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमाची बातमी वाचून वडील मुलाच्या हातातील घड्याळाचे सुटे भाग खिडकीबाहेर भिरकावतात. घड्याळांचा धंदा संपला, मुलाने अणुविज्ञान शिकावे, असा त्यांचा निर्णय होतो. १९५९ मध्ये प्रयोगशाळेतील अपघातात जॉनचे शरीर नष्ट होते आणि तो निळ्या तेजाच्या, अमर्याद सामर्थ्याच्या रूपाने परततो. वस्तू तो मनाने घडवतो व मोडतो; स्वतःचा भूत, वर्तमान आणि भविष्य त्याला एकाच वेळी दिसतात. चौथ्या प्रकरणात तो मंगळ ग्रहावर एकटा बसून आपले आयुष्य आठवतो. खरे तर आठवतो म्हणणे चूक आहे, कारण त्याच्या लेखी काहीच होऊन गेलेले नाही. चित्रकथा या माध्यमाचे सामर्थ्य येथे कळते. पानावरच्या नऊ चौकटी डोळ्याला एकदम दिसतात. वाचक एका चौकटीत असला तरी बाकीच्या आठ त्याच्या नजरेच्या कडेला असतातच. मॅनहॅटनला काळ जसा दिसतो, तसा तो वाचकालाही दिसतो. शब्दांच्या कादंबरीला हे साधणे कठीण आहे.

जैन वाचकाला येथे केवलज्ञानाची आठवण होणे स्वाभाविक आहे, आणि नेमकी त्यामुळेच या पात्रातील उणीव त्याला इतरांहून लवकर दिसेल. शास्त्रांतील क्रम असा की, आधी मोहनीय कर्माचा क्षय होतो आणि मग ज्ञानावरण दूर होऊन केवलज्ञान प्रकट होते. मॅनहॅटनला ज्ञान आणि सामर्थ्य लाभले ते यंत्रातील अपघाताने. अंतःकरणात काहीच झिजलेले नव्हते, काहीच शुद्ध झालेले नव्हते. व्हिएतनाममध्ये त्याच्या डोळ्यांदेखत कॉमेडियन एका गर्भवती स्त्रीवर गोळी झाडतो. बंदुकीचे पाणी करण्याची शक्ती अंगी असलेला मॅनहॅटन जागचा हलत नाही. मारेकरीच त्याला ते सुनावतो. बाहेरून पाहणाऱ्याला ही अलिप्तता वैराग्यासारखी भासेल. वैराग्य रागद्वेष जिंकून येते. येथे नुसती संवेदना बधिर झालेली आहे. तरीही लेखकांनी त्याला तेथेच सोडलेले नाही. नवव्या प्रकरणात, लॉरी या मैत्रिणीच्या दुःखी जन्मकथेतून त्याला उमगते की, एका विशिष्ट माणसाचा जन्म होणे ही विश्वातील सर्वांत असंभाव्य घटना आहे आणि ती रोज घडत असल्यामुळे कोणाला तिचे नवल वाटत नाही. ‘उत्तराध्ययन सूत्रा’च्या तिसऱ्या अध्ययनात ज्या चार गोष्टी दुर्लभ म्हटल्या आहेत, त्यांत पहिला क्रम मनुष्यजन्माचा लागतो. एका निरीश्वरवादी भासणाऱ्या विज्ञानकथेने निराळ्या वाटेने त्याच ठिकाणी यावे, हे वाचताना आनंद होतो.

पुढील विवेचनासाठी कथेचा शेवट सांगणे भाग आहे. ज्यांना तो आधी जाणून घ्यायचा नसेल, त्यांनी पुस्तक वाचून मग येथे परतावे. अर्थात, भरत-बाहुबलींच्या द्वंद्वाचा शेवट ठाऊक असूनही ती कथा ऐकणाऱ्यांना या गोष्टीची फारशी अडचण वाटू नये.

अ‍ॅड्रियन व्हाइट ऊर्फ ओझिमँडियस हा या मंडळींतला सर्वांत बुद्धिमान, आणि उद्योगपती. वारशाचे धन दान करून त्याने शून्यातून साम्राज्य उभे केले आहे. कायदा येण्यापूर्वी दोन वर्षे त्याने स्वतःहून मुखवटा उतरवला आणि आपल्या चेहऱ्याचा व्यापार मांडला: बाहुल्या, व्यायामाच्या पुस्तिका, ‘नॉस्टॅल्जिया’ नावाचे अत्तर. व्यापारी वाचकांनी दहावे प्रकरण सावकाश वाचावे. अ‍ॅड्रियन भिंतभर दूरचित्रवाणी संच एकाच वेळी लावून बसतो, जाहिराती व बातम्यांच्या सरमिसळीतून लोकांच्या मनातील भीती हेरतो आणि त्या अंदाजावर कोणत्या उद्योगात पैसा गुंतवावा याचे आदेश देतो. त्याच प्रकरणाच्या शेवटी त्याच्या कचेरीतील पत्रे छापली आहेत. एका पत्रात अत्तराची जाहिरात बदलण्याचा विचार आहे. जग भयग्रस्त असताना भूतकाळाची ओढ विकली जाते. भय सरले की भविष्याची आशा विकली जाईल, म्हणून नवे प्रसाधन ‘मिलेनियम’ या नावाने आणावे. पहिल्या वाचनात हे पत्र चतुर व्यापाऱ्याच्या दूरदृष्टीचा नमुना वाटते. पुस्तक संपवून पुन्हा वाचले की हात थंड पडतात, कारण भय सरणार ते कशाने, हे पत्र लिहिणाऱ्याला ठाऊक होते. त्या भयाचा उपाय त्याने स्वतः ठरवलेला होता.

तो उपाय असा: न्यूयॉर्कच्या मध्यभागी एक कृत्रिम राक्षसी जीव प्रकट करायचा, त्याच्या मानसिक आघाताने लाखो माणसे मरू द्यायची आणि परग्रहावरून हल्ला झाला या समजुतीने अमेरिका व सोव्हिएत संघ यांना एकत्र आणायचे. लाखो मेल्याने अब्जावधी वाचतील, हा हिशेब. हिशेब चुकत नाही. युद्ध खरोखर टळते. जुने सहकारी त्याला अडवायला दक्षिण ध्रुवावरील त्याच्या निवासात पोहोचतात, तेव्हा तो आपली योजना सविस्तर सांगतो आणि मग कळवतो की, हे सारे अर्ध्या तासाहून अधिक वेळापूर्वी घडून गेले आहे.

श्रावकाच्या आचारात हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार भेद सांगितले जातात. घरसंसार, व्यापार आणि संरक्षण यांत घडणारी हिंसा गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाही, हे त्या विचाराने मान्य केले आहे. संकल्पी हिंसा मात्र त्याज्यच ठरवली आहे. अ‍ॅड्रियनची सारी वकिली आपली हिंसा विरोधी आहे, संरक्षणासाठी आहे, असे पटवण्याची आहे. वाचकाने त्याच्या वहीतील आधीच्या नोंदी मोजाव्यात. संशय आलेल्या कॉमेडियनचा खून. मॅनहॅटनला पृथ्वीवरून घालवण्यासाठी त्याच्या जुन्या परिचितांना मुद्दाम जडवलेला कर्करोग. राक्षसी जीव घडवणाऱ्या कलावंतांना व शास्त्रज्ञांना घेऊन निघालेली, स्फोटाने बुडवलेली नौका. शेवटी, विजयाच्या घटकेला, वर्षानुवर्षे सेवा केलेल्या तिघा सेवकांना पेयातून दिलेले विष. मोठ्या हिंसेच्या पोटात या लहान हिंसा एकामागून एक शिरत गेल्या आहेत आणि प्रत्येक वेळी कारण तेच दिले गेले आहे. ज्याला सारे जग वाचवायचे आहे, त्याला समोरचा माणूस दिसेनासा झाला आहे. लोभाने हे घडलेले नाही. पैसा त्याने सहज सोडला होता. येथे मान हा कषाय आहे, आणि तो दानशूर, संयमी, रोज पहाटे उठून व्यायाम करणाऱ्या माणसात आहे. दुर्गुणी माणसातील अहंकार ओळखणे सोपे असते. मूर यांनी हा अधिक अवघड नमुना निवडला, ही या पुस्तकाची मोठी कमाई. राज्य जिंकण्याच्या क्षणी बाहुबली थांबले आणि सर्वस्व सोडूनही मनातील सूक्ष्म शल्याने त्यांना रोखून धरले. अ‍ॅड्रियनने त्यातील पहिली पायरीसुद्धा ओलांडलेली नाही.

मग उरलेल्या चौघांपुढे प्रश्न उभा राहतो. सत्य उघड केले तर नुकतीच जुळलेली शांतता मोडेल आणि झालेले मृत्यू व्यर्थ जातील. डॅन आणि लॉरी गप्प राहण्याचे कबूल करतात, मॅनहॅटनही. रोर्शाक नकार देतो. तो हिमवादळात बाहेर पडतो, मुखवटा काढतो, रडतो आणि मॅनहॅटनच्या हातून मरण पत्करतो. सामान्यतः तरुण वाचक या ठिकाणी रोर्शाकच्या बाजूने उभे राहतात. घरात या प्रसंगावर चर्चा झाली तर ती लवकर संपू नये, एवढा तो अवघड आहे. समंतभद्राचार्यांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त सत्याणुव्रताचे विवेचन करताना, ज्या सत्याने दुसऱ्यावर संकट कोसळते तेही बोलू नये, असे म्हटले आहे. त्या न्यायाने मौन योग्य ठरते. दुसऱ्या बाजूला कृत, कारित आणि अनुमोदित हे तिन्ही प्रकार दोषाचेच आहेत. लाखोंच्या हत्येवर उभारलेली शांतता चालू ठेवण्यासाठी राखलेले मौन हे अनुमोदन नव्हे काय? संकट टाळण्यासाठी राखलेले मौन आणि अपराध पचवण्यासाठी राखलेले मौन बाहेरून अगदी एकसारखे दिसते. डॅन आणि लॉरी पुढे नवी नावे घेऊन, केसांचा रंग बदलून सुखाने राहू लागतात, हे चित्र मूर यांनी कोणतेही भाष्य न करता दाखवले आहे. ते सुख पाहताना वाचकाला अस्वस्थ वाटते आणि तसे वाटणे योग्य आहे. अ‍ॅड्रियनचीही खात्री नाही. शेवटी आपण केले ते बरोबरच झाले ना, असे तो मॅनहॅटनला विचारतो, आणि त्याला हवे असलेले उत्तर मिळत नाही.

या सर्व मोठ्या माणसांच्या कथेला समांतर अशी एक लहान कथा रस्त्याच्या कोपऱ्यावर चालू असते. तेथे वर्तमानपत्रांचा एक विक्रेता आहे. गिऱ्हाईक असो वा नसो, तो दिवसभर राजकारणावर बोलत राहतो. ज्याच्याकडे सर्व वर्तमानपत्रे येतात त्याला सर्व कळते, असा त्याचा विश्वास. त्याच्या शेजारी जमिनीवर बसून एक मुलगा रोज एक चित्रकथेचा अंक फुकट वाचतो. विक्रेता कुरकुरतो, पण त्याला हाकलत नाही. अकराव्या प्रकरणात या कोपऱ्यावर सगळी साधी माणसे एकत्र येतात. डॉक्टर लाँग यांची पत्नी त्यांना भेटायला आली आहे. दुसऱ्यांच्या दुःखात गुंतणे थांबवले तर संसार पुन्हा मांडता येईल, असे ती सांगते. तेवढ्यात समोर दोन स्त्रियांचे भांडण हातघाईवर येते. पत्नी बजावते की आता पुढे गेलात तर परत भेट नाही. ते थांबत नाहीत. जग असे आहे आणि आपल्याला शक्य ते करावेच लागेल, अशा भावाने ते स्थूल, थकलेले गृहस्थ भांडण सोडवायला पुढे जातात. अंगावर ना पोशाख, ना मुखवटा. मूठ उगारण्याचा प्रश्नच नाही. पुढच्या क्षणी सर्वत्र पांढरा प्रकाश पसरतो आणि विक्रेता त्या मुलाला कवेत घेतो.

बाराव्या प्रकरणाच्या आरंभी नऊ चौकटींची शिस्त मोडून सहा पूर्ण पाने ओळीने येतात. त्यांत त्या कोपऱ्यावरील प्रेते दिसतात. लाखो हा आकडा अ‍ॅड्रियनच्या तोंडी सुटसुटीत वाटला होता. अकरा प्रकरणे ज्यांची बडबड ऐकली, ज्यांचे चेहरे ओळखीचे झाले, ती माणसे या पानांवर पडलेली आहेत, म्हणून त्या आकड्याला वजन येते. पुस्तकातील एकमेव निर्भेळ करुणेचे कृत्य एका मुखवटा नसलेल्या माणसाकडून घडते आणि त्याने काहीही वाचत नाही. तरीही ते करायचे होते की नव्हते, हा प्रश्न पान मिटल्यावरही जात नाही.

पुस्तक मुलांच्या हाती केव्हा द्यावे, याविषयी स्पष्ट लिहिणे बरे. हे लहान मुलांचे पुस्तक नाही. त्यात रक्तपात आहे, एका स्त्रीवरील अत्याचाराचा प्रसंग आहे, प्राण्यांची हत्या आहे, नग्नता आहे. बोलीही अनेक ठिकाणी शिवराळ आहे. सोळा-सतरा वर्षांच्या आत ते देऊ नये, आणि दिले तर आई-वडिलांपैकी एकाने आधी वाचलेले असावे. २००९ मध्ये झॅक स्नायडर यांनी यावर काढलेला चित्रपट पाहून काम भागेल असे समजू नये. तेथे मारामाऱ्या देखण्या झाल्या आहेत आणि शेवटही बदलला आहे. ज्या हिंसेकडे पाहून मान खाली जावी, ती तेथे टाळ्यांसाठी सजवली आहे. त्या चित्रपटावर आपले नाव घालू देण्यास मूर यांनी नकार दिला होता. नकारामागे जुना वाद होता. पुस्तक छापणे बंद झाल्यावर काही काळाने हक्क लेखक-चित्रकारांकडे परत यावेत, असे करारात होते. पुस्तक इतके खपले की ते छापणे बंद कधी झालेच नाही, आणि हक्कही परतले नाहीत. करारपत्रावर सही करताना आपला माल पडून राहील अशीच कल्पना करू नये, एवढा धडा व्यापारी घरांना त्यातून घेता येईल.

वाचताना एक सवय मात्र सोडावी लागेल. प्रकरणांच्या अखेरीस छापलेली पत्रे, जुन्या आत्मचरित्राची पाने, इस्पितळाच्या नोंदी अनेक तरुण वाचक चित्रे नाहीत म्हणून उलटून टाकतात; अत्तराचे ते पत्र तेथेच आहे. तसाच कंटाळा समुद्रावरील चाच्यांच्या कथेचा केला जातो. कोपऱ्यावरचा मुलगा वाचतो ती ही कथा. चाच्यांच्या काळ्या जहाजाने साथीदारांना ठार केलेला एक नाविक, ते जहाज आता आपल्या गावावर चालून जाणार या धास्तीने, सोबत्यांच्याच प्रेतांचा तराफा करून घराकडे निघतो. किनाऱ्यावर पोहोचतो तो गाव चाच्यांच्या हाती पडले आणि घरची माणसे मेली असे मनाशी पक्के धरूनच. वाटेत भेटलेल्या सावकाराला आणि त्याच्या सोबतच्या स्त्रीला तो चाच्यांचे हस्तक समजून मारतो. रात्री स्वतःच्या घरात शिरतो, अंधारात समोर आलेल्या व्यक्तीवर तुटून पडतो आणि मुलांच्या ओरडण्याने भानावर येतो, तेव्हा आपल्या हाताखाली आपलीच पत्नी आहे हे त्याला दिसते. गावावर कोणी चाल केलेली नव्हती. जहाज आले होते ते त्याला न्यायला. तो पोहत त्याच्याकडे जातो.